एकोणीस नंबरचा लिंब

नाना गेले ही बातमी मला पाणी भरताना कळली. सांगलीत माझ्या लेकीच्या घरी नळाला सकाळी तासभर पाणी येतं, आणि त्या तासात देव जरी दारात आला तरी मी त्याला थांब म्हणेन. फोन दोनदा वाजून बंद झाला. तिसऱ्यांदा उचलला तर धोंडीबा, नानांचा धाकटा भाऊ. मेंढरांमागं माळ तुडवणारा माणूस, उठसूट कुणाला फोन करणाऱ्यातला नव्हे. "वयनी, नाना गेला पहाटं. लय तरास न्हाई झाला," एवढंच तो म्हणाला. मी "बरं" म्हटलं. बरं! माणूस गेल्याचं सांगतायत आणि ही बाई बरं म्हणतेय. फोन ठेवला, राहिलेल्या दोन कळश्या भरल्या, नळ बंद केला आणि मग मोरीच्या कट्ट्यावर बसून रडले.

मातीला मी गेले नाही. गुडघ्यांचं निमित्त सांगितलं. गुडघे दुखतात हे खोटं नाही, पण आटपाडीची एसटी काही माझ्या गुडघ्यांवर चालत नाही. मला तिथं तोंड दाखवायची लाज वाटत होती. का वाटत होती, तेच सांगायला आज महिना-दीड महिन्यानं हे लिहायला बसलेय. लिहिण्याची सवय म्हणाल तर अंगणवाडीचे अहवाल, तेवढीच. तेव्हा इकडचं तिकडं झालं तर सांभाळून घ्या.

आटपाडीच्या अलीकडं माळावर आमची सूतगिरणी होती. आजूबाजूला कुसळं आणि बाभळी, आणि मधेच ही भोंगा वाजवणारी गिरणी. आम्ही दोघंही तिथंच कामाला. आमचे हे, म्हणजे शंकरराव, धागा कातायच्या खात्यात एकोणीस नंबरच्या मशीनवर. मी पलीकडच्या शेडमध्ये, बायकांच्या खात्यात, रिळं गुंडाळायला. आणि नाना फिटर. गिरणीतल्या सगळ्यांचं एकेक मशीन ठरलेलं असायचं, "माझं मशीन" असं आपल्या म्हशीबद्दल बोलावं तसं लोक बोलायचे. फिटरचं तसं नसतं. ज्याचं बिघडेल तेवढ्या वेळापुरतं ते त्याचं. नाना हातात पाना घेऊन दिवसभर या मशीनकडून त्या मशीनकडं. केसांत, भुवयांत कापसाची धूळ बसून तिशीतच म्हातारे दिसायचे. यांचे जिवलग मित्र. मला वयनी म्हणायचे, आणि माझ्या तोंडाला सगळी गिरणी भ्यायची तरी नाना कधी भ्याले नाहीत. "वयनी, आज लय गरम हाय जणू इंजिन," म्हणून हसायचे.

पुढं गिरणी बंद पडली. कशी पडली, कुणी पाडली, ते आता उगाळण्यात अर्थ नाही. एक दिवस फाटकाला कुलूप दिसलं, एवढं खरं. चार महिन्यांत चालू होणार म्हणाले, मग दिवाळीला, मग पुढल्या दिवाळीला... आम्ही लोक एवढे भाबडे, की दर खंडेनवमीला आंघोळी करून त्या बंद फाटकापाशी जमायचो. आत मशिनं, त्यांची पूजा कशी करणार? मग कुलपालाच हळदकुंकू लावायचं, नारळ फोडायचा आणि खोबरं वाटून घरी यायचं. यांनी तर दुसरं काम धरलंच नाही. सांगलीत मार्केट यार्डात गुळाच्या दुकानात जागा चालून आली होती. "गिरणी चालू झाली आणि मी इकडं गुळात अडकलो तर?" हे त्यांचं उत्तर. मी अंगणवाडीत लागले, घर ओढलं. हे वाट बघत बघत एका दुपारी अंथरुणावर पडले ते उठलेच नाहीत. डॉक्टरांनी हृदय म्हणून सांगितलं. मला विचाराल तर त्या कुलपानं नेलं त्यांना.

त्यानंतर वर्षभरात मशिनं भंगारात गेली. ट्रक भरत होते तेव्हा आम्ही सगळे रस्त्याच्या पलीकडं उभे. मशिनं उचलणाऱ्यांनी त्यांचे पाय असे उपटले की जिथं जिथं मशीन होतं तिथं तिथं फरशी फुटून खड्डे पडले. वरचे पत्रेही गेले. राहिलं काय, तर चार भिंती, खड्ड्यांच्या रांगा आणि मागची विहीर. बायकांची शेड तर विकलीच गेली. उरलेली ही जागा शेवटी गावाकडं आली, आणि गाळे काढायचे का गोडाऊन यावर भांडणं सुरू झाली. तेव्हा नाना उठून म्हणाले, बाग करू. या भागात सावली आहे कुठं? माणसानं बसायचं कुठं?

काय गहजब झाला सांगू! विरोध गावानं केला नाही, आम्हीच केला. आमचे जुने पुढारी बाळासाहेब, सतरा नंबरच्या मशीनवर असायचे, ते तर अंगावर धावूनच आले. "आन् उद्या गिरणी चालू झाली तर? झाडं उपटणार व्हय?" नाना शांतपणे म्हणाले, "बाळासाहेब, मशिनं ट्रकात बसून गेली. आपुन सगळ्यांनी बघितलं न्हवं का?" बघितलं होतं. तरी कुणी तयार होईना. झाड लावणं म्हणजे गिरणी मेली म्हणून कबूल करणं, आणि ते कबूल करायला आमच्यातला एकही तयार नव्हता. मीसुद्धा. यांनी त्या वाटेवर डोळे लावून जीव सोडला, आणि मी तिथं आळं करू? छे.

नानांनी महिनाभर काहीच केलं नाही. मग खंडेनवमी आली. आम्ही सवयीनं नारळ घेऊन गेलो तर फाटक सताड उघडं, आणि आत नाना दोरी आणि खडू घेऊन उभे. प्रत्येक खड्ड्यापाशी खडूनं नंबर लिहिलेला. एक, दोन, तीन... गिरणीतल्या रांगा जशाच्या तशा. "ज्याचं मशीन जितं हुतं, तितं त्यानं एक झाड लावायचं. आज पूजा त्याचीच," नाना म्हणाले. बाळासाहेब सतरा नंबरपाशी गेले आणि मटकन खालीच बसले. त्यांना रडताना मी पहिल्यांदा पाहिलं. मग काय, भांडण मिटलंच. जे हयात नव्हते त्यांच्या बायका आल्या, पोरं आली. सगळ्यांसारखाच मीही एकोणीस नंबरच्या खड्ड्यात यांच्या नावानं कडुलिंब लावला. आम्हा रिळवाल्या बायकांना मात्र भिंतीकडंची पट्टी मिळाली, जास्वंद नि कण्हेरीला. त्यावरून मी नानांना बोलून घेतलंच, तो भाग वेगळा.

त्याच दिवशी धोंडीबा मेंढरं रस्त्याकडंला उभी करून बघायला आला होता. रांगांमधनं इकडून तिकडं फिरला आणि म्हणाला, "नाना, लय जवळ जवळ झाली की रं. लिंबाला एवढी जागा पुरायची न्हाई." नाना म्हणाले, "मशिनं बसली हुती की एवढ्या जागंत." तर धोंडीबा म्हणतो, "मशीन वाढत न्हाई, नाना." आम्ही सगळे हसलो. मी सगळ्यात मोठ्यानं. मेंढपाळाला गिरणीतलं काय कळतंय, असं वाटलं. दोन मशिनांच्या मधनं एक माणूस ट्रॉली ढकलत जाईल एवढाच बोळ असायचा, आणि तेच अंतर आम्ही लिंबांना दिलं होतं. उभ्या जन्मात कुठल्या शेतकऱ्यानं अशी चूक केली नसती. पण आम्हाला झाडं दिसतच नव्हती, मशिनंच दिसत होती.

पहिल्या उन्हाळ्यात निम्मी रोपं जळाली. जमीन कसली ती, सिमेंटचा भुगा नि ग्रीसच्या वड्या! तेव्हा धोंडीबानं आपली मेंढरं आणून तिथं बसवली. आमच्याकडं रानाला खत मिळावं म्हणून मेंढरं बसवतात, तशी यानं गिरणीत बसवली. आयत्याच चार भिंती, कुंपणाचा त्रास नाही. पंधरा-वीस दिवस मेंढरं मुक्कामाला. येणारे-जाणारे म्हणायचे, "गिरणीची दुसरी पाळी चालू झाली बघा." त्या लेंड्यांनी मात्र जादू केली. पुढच्या पावसाळ्यात मेलेल्यांच्या जागी पुन्हा रोपं लावली ती तरारून आली. नाना विहिरीवरनं पाइप ओढत एकेकाला पाणी घालायचे. पगार नाही, काही नाही. सुभद्राबाई, नानांच्या मंडळी, म्हणायच्या, "ह्यांचं लगीन माझ्याशी न्हाई, त्या गिरणीशी झालंय." हळूहळू माणसं यायला लागली. भरतीची पोरं सकाळी भिंतीकडनं चकरा मारायची, बचत गटाच्या बायका बैठकीला यायच्या, म्हातारे पत्ते कुटत बसायचे. आम्हाला काय कौतुक! पाहुणे आले की आधी चहा, मग बाग.

पण झाडं वाढली तशी धोंडीबाची गोष्ट खरी ठरायला लागली. विहिरीचं पाणी तेवढंच आणि पिणारी तोंडं दुप्पट. एका ताटात दोघं जेवायला बसावीत आणि दोघंही अर्धपोटी उठावीत, तसं चाललेलं. लिंब नुसते उंच, काठीसारखे किडकिडीत, वरती मूठभर पाला. शेंडे वाळायला लागले. वाऱ्यानं एकदा दोन मोडून पडले, तेव्हापासून आया पोरांना आत पाठवेनात. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा! बाग म्हणायची आणि बसायला सावली नाही. नानांनी रोपवाटिकेतल्या एका साहेबांना आणून दाखवलं. ते म्हणाले, एकाआड एक झाड काढा, नाहीतर काही वर्षांत एकही धड राहणार नाही.

त्यावरून बैठक ठरली. आदल्या संध्याकाळी नाना माझ्या घरी आले. चहाची कपबशी हातात तशीच धरून बसले, पिईनात. मग म्हणाले, "वयनी, दारापास्नं मोजलं तर एक, तीन, पाच असं जातंय... एकोणीस जातंय." मी उगाच किटली पुसत बसले. "तुमी उद्या पयलं हो म्हना. शंकरची बायको हो म्हनली की बाकीचं गप बसतील. दुसऱ्या कुनाच्या तोंडाला ती ताकद न्हाई." तरी मी गप्पच. माझं गप्प बसणं त्यांनी होकार समजलं. उठताना म्हणाले, "मला म्हाईत हुतं." त्यांचा चेहरा असा मोकळा झाला होता... तो चेहरा आठवला की आजही घास उतरत नाही.

बैठकीला सगळे झाडांतच उभे होते. नानांनी तोडायच्या झाडांवर खूण करायला चुन्याचा डबा आणि ब्रश आणला होता. त्यांनी बोलायला सुरुवात केली आणि गलका उठला. माझं का, त्याचं का नाही, आमचा बाप मेलाय, त्याचं झाड तोडता? नानांनी फक्त माझ्याकडं बघितलं. आता वयनी बोलतील. आणि वयनी बोलल्या! उचलली जीभ, लावली टाळ्याला. "नाना, तुमचं यात एक तरी झाड हाय का? फिटरला कुटलं मशीन आणि कुटलं झाड! तुमाला काय दुखतंय तोडायला?"

त्या माणसानं एकूण एक झाडाला स्वतःच्या हातानं पाणी घातलं होतं, आणि मी त्याला हे बोलले. नानांनी एकदा वर शेंड्यांकडं बघितलं, डब्याला झाकण लावलं आणि विहिरीकडं निघून गेले. थोड्या वेळात पाइपात पाणी आलं. ते एक नंबरपासून पाणी घालायला लागले होते. बैठक तिथंच मोडली, आणि पुन्हा तो विषय कुणी काढला नाही. नानांनीसुद्धा नाही. या गोष्टीला चार वर्षं झाली.

रागावले असते तर बरं झालं असतं. मी लेकीकडं सांगलीला राहायला आले, तरी कधी गावी गेले की नाना एसटी स्टँडवर हजर. पिशवी हातातनं काढून घ्यायचे. "चला, शंकरला बघून जावा." झाडालाच शंकर म्हणायचे. मी माफी मागायचं ठरवून जायचे आणि दरवेळी काहीतरी दुसरंच बोलून यायचे. भांडायला शब्द सापडतात हो, माफी मागताना मेले कुठं जातात कोण जाणे. गेल्या उन्हाळ्यात शेवटची भेट झाली. कापसाच्या धुळीनं छाती कधीचीच धरली होती, आता चार पावलं टाकली की धाप लागायची. बागेत ऊन, म्हणून आम्ही फाटकाच्या भिंतीच्या सावलीत बसलो. ज्यानं बाग केली त्यालाच भिंतीच्या सावलीला बसावं लागत होतं. निघताना नाना म्हणाले, "वयनी, तेवढं बघा." काय ते बोलले नाहीत, बोलायची गरजच नव्हती. मी म्हटलं, "बघू." बस्स. आमचं शेवटचं बोलणं एवढंच.

नाना गेल्यावर पंधरा-वीस दिवसांनी बाळासाहेबांचा फोन आला. "आक्का, नानांच्या स्मरणार्थ बागेत वृक्षारोपण ठेवलंय. तुमी दोन शब्द बोलायचे." आता गुडघे सांगून चालणार नव्हतं. गेले. मांडवाचं कापड, हार घातलेला फोटो, माइक, सगळं जय्यत. सुभद्राबाई खुर्चीवर अंग चोरून बसलेल्या. आणि अठरा नि एकोणीस नंबरच्या मध्ये खड्डा काढलेला, त्याच्या शेजारी रोप... कसलं, तर वडाचं! त्या दोन मरतुकड्या लिंबांच्या मध्ये, जिथं धड माणूस आडवा झोपणार नाही, तिथं हे वड लावणार होते. नानांच्या आठवणीला!

मला आधी हसू आलं, मग असा संताप आला की माइक कुणी हातात दिला तेही कळलं नाही. म्हटलं, "गड्यांनो, आणखी एक? त्या माणसानं चार वर्षं तोंडातनं शब्द काढला न्हाई आणि तुमी त्याच्या नावानं पुन्हा तीच चूक करताय? मी त्याला भर बैठकीत बोलले, तुमी सगळ्यांनी ऐकलं. आदल्या दिवशी तो माझ्या दारात येऊन सांगून गेला हुता, वयनी तुमी हो म्हना. मी हो म्हणले न्हाई. आज म्हणते. नानांच्या नावानं झाड लावायचं न्हाई, तोडायचं. पयलं माझं." सुभद्राबाई उठून आल्या आणि माझा दंड धरून उभ्या राहिल्या. बाळासाहेब पुटपुटले, "तोडायला परवानगी लागती, आक्का." मी म्हटलं, "मग कागद करा. सही मी करते."

वडाचं रोप धोंडीबा घेऊन गेला. त्याच्या मेंढरांच्या विसाव्याच्या जागेला, उघड्या माळावर लावलंय म्हणाला. कागद व्हायला दिवस लागलेच, सरकारी कामाला लागायचे तेवढे. मी सांगलीला परत गेलेच नाही, सुभद्राबाईंकडंच राहिले. आम्ही दोघी म्हाताऱ्या थकलो होतो. त्यांनी भाजी निवडायची, मी भाकरी टाकायच्या.

परवा सकाळी झाड तोडणारा माणूस आला. मला वाटलं होतं, माझ्याच्यानं बघवणार नाही. यांचं नाव घेऊन लावलेलं झाड ते. पण किती किडकिडीत होतं! करवत लागली आणि पाच मिनिटांत आडवं. पडताना मोठा आवाजसुद्धा झाला नाही. मी बुंध्याला हळदकुंकू लावलं, एवढंच. मागं वळून बघते तर बाळासाहेब कुठनं तरी चुन्याचा डबा घेऊन आलेले, आणि स्वतःच्या सतरा नंबरवर फुली मारत होते. मग पंधरा नंबरवाल्यांची सून आली, तिनं ब्रश मागून घेतला.

सुभद्राबाईंनी घरनं चहा आणला. आम्ही दोघी तिथंच फांद्या बाजूला सारून जमिनीवर बसलो. वर आभाळाचा चांगला चादरीएवढा तुकडा उघडा झाला होता, आणि किती वर्षांनी त्या बोळात वारा आला. अठरा नि वीस नंबरचे लिंब हलायला लागले. सुभद्राबाई वर बघत म्हणाल्या, "ह्यांनी बघायला पायजे हुतं." पाच मिनिटांचं काम होतं ते. नाना, तुमच्या देखत करायला काय झालं होतं हो मला?